निपाणीची दोन कॉलेजं आणि न होणारी मॅच

निपाणीतल्या कॉलेजांची नावं विचारलीत तर कुणीही निपाणीकर पटकन दोन सांगेल. एक के.एल.ई. संस्थेचं जी. आय. बागेवाडी कॉलेज आणि दुसरं देवचंद कॉलेज. सरकारी कागदात बघाल तर देवचंद कॉलेज निपाणीत नाहीच. त्याचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. म्हणजे महाराष्ट्र. निपाणी मात्र बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. दोहोंमधलं अंतर किती, तर रिक्षाने जाण्याइतकं. एकाच गल्लीतली, एकाच पटांगणात टेनिस बॉलने खेळून मोठी झालेली दोन पोरं बारावीनंतर एक इकडे आणि एक तिकडे नाव घालतात. तिथून पुढे पदवी हाती पडेपर्यंत विद्यापीठाच्या कुठल्याही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती एकमेकांसमोर उभी राहू शकत नाहीत.

कारण साधं आहे. देवचंद कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आणि बागेवाडी कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला. बरं, विद्यापीठं वेगळी असली तर असोत, दोन विद्यापीठांची तरी मॅच होईल की नाही? तर तेही अवघड. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या (सगळे ए.आय.यू. म्हणतात ती संस्था) छत्राखाली होतात, आणि त्यांनी देशाचे विभाग पाडलेले आहेत. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान ही मंडळी पश्चिम विभागात. कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, केरळ ही दक्षिण विभागात. आधी विभागाची स्पर्धा, मग प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला. तेव्हा शिवाजी आणि राणी चन्नम्मा यांची गाठ पडायची तर दोघांनीही आपापल्या विभागात पहिल्या चारांत यायला हवं, आणि वर सोडतीतही समोरासमोर यायला हवं. कपिलाषष्ठीचा योग म्हणतात तो हाच. कोल्हापूर ते बेळगाव अंतर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोव्यात बसून निपाणीच्या मॅचची उठाठेव तुला कशाला? तर मंडळी, या विभागांच्या खेळात आपली स्वतःची अवस्था काही कमी मजेशीर नाही. गोवा विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतं. संतोष ट्रॉफीच्या फुटबॉलमध्येही गोवा वर्षानुवर्षं पश्चिमेचाच. पण रणजी करंडकात 1985-86 साली आपण उतरलो तेव्हा आपल्याला बसवलं दक्षिण विभागात, कर्नाटक, तमिळनाडू, हैदराबाद यांच्या पंगतीला. दुलीप करंडकातही आपण दक्षिणेचे. म्हणजे पायाने चेंडू मारला की गोंयकार पश्चिमेचा आणि बॅटने मारला की दक्षिणेचा! ज्यांनी हे कागदावर आखलं त्यांच्या लेखी त्यात काही खटकण्यासारखं नसेल. चार रकाने आहेत, राज्यं त्यांत भरायची आहेत, एखादं इकडे गेलं काय नि तिकडे गेलं काय. ज्याला खेळायचं असतं त्याला मात्र फरक पडतो.

इतिहासात थोडं मागे गेलं की हे आणखी गमतीदार होतं. बेळगावचं लिंगराज कॉलेज 1933 सालचं. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज त्याच्याही बरंच आधीचं. दोन्ही मुंबई विद्यापीठाची. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं आणि बेळगाव मुंबई इलाख्यात, म्हणजे राजवटी दोन, पण विद्यापीठ एक. मग 1949 च्या सुमारास पुणे विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ अशी दोन नवी विद्यापीठं निघाली. कोल्हापूर पुण्याकडे गेलं, बेळगाव धारवाडकडे. राज्यांच्या पुनर्रचनेची रेघ 1 नोव्हेंबर 1956 ला ओढली गेली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण कॉलेजांमधली रेघ त्याच्या सहासात वर्षं आधीच पडली होती, याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पुढे 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, 2010 साली बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ. विद्यापीठं जवळ जवळ येत गेली, अगदी शेजारी आली, आणि खेळात मात्र एकमेकांपासून लांबच राहिली.

(जाता जाता: आपल्या गोव्यातली कॉलेजंही मुंबई विद्यापीठातच होती. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही मुक्तीनंतर 1962 साली निघाली, आणि गोवा विद्यापीठ झालं 1985 साली. म्हणजे बेळगाव आणि गोवा दोघेही एकेकाळी मुंबईच्या घरात राहिले, पण एक पाहुणा गेल्यावर दुसरा आला. अशी ही चुकामूक.)

असो. मूळ मुद्दा न्यायाचा आहे, आणि तो दोन तोंडांचा आहे. वेळापत्रक न्याय्य असावं असं सगळे म्हणतात, पण न्याय म्हणजे नेमकं काय? एक न्याय असा, की करंडकापर्यंतची वाट सगळ्यांना सारखीच अवघड असावी. दुसरा असा, की ज्याच्याशी तुमची खरी चुरस आहे त्याच्याशी तुम्हांला दरवर्षी खेळायला मिळावं. हे दोन्ही न्याय एकमेकांच्या पायांत पाय घालतात, हीच सगळी अडचण.

पहिल्या न्यायापासून सुरुवात करू. निपाणीच्याच त्या दोन पोरांना फुटबॉलपटू करा. देवचंदचा पोरगा शिवाजी विद्यापीठाच्या संघात निवडला गेला तर पश्चिम विभागात खेळेल. तिथे त्याला गोवा विद्यापीठ भेटू शकतं, मुंबई, पुणे भेटू शकतात. सोपं नाही. पण बागेवाडीचा पोरगा राणी चन्नम्माकडून दक्षिण विभागात जाईल, आणि दक्षिण विभागात केरळ आहे. कालिकत विद्यापीठाने आंतरविद्यापीठ फुटबॉलची सर आशुतोष मुखर्जी ट्रॉफी किती वेळा नेली ते फुटबॉलवाल्यांना सांगायला नको. केरळची बाकीची विद्यापीठंही काही हात बांधून बसलेली नसतात. त्यांना चुकवून पहिल्या चारांत यायचं म्हणजे हनुमानउडी. क्रिकेटमध्ये हेच उलट होऊ शकतं. रोहिंटन बारिया करंडकाच्या इतिहासात मुंबई विद्यापीठाचं नाव सगळ्यात जास्त वेळा कोरलेलं आहे, आणि तो डोंगर देवचंदच्या पोराच्या वाटेत उभा. दोघांचं घर एकाच गावात, दोघांची गुणवत्ता समजा सारखी, पण खेळ कुठला आणि प्रवेश कुठल्या बाजूला घेतला यावर ठरतं की कुणाच्या वाट्याला घाट आणि कुणाच्या वाट्याला सपाटी.

आणि हे सामने बाद पद्धतीचे असतात, हे विसरू नका. विभागात कितीतरी संघ. सुरुवातीच्या फेऱ्या एक हरलात की घरी. एखादा विद्यापीठ संघ रेल्वेने दीड दिवस प्रवास करून जातो, दीड तास खेळतो आणि पुन्हा दीड दिवस प्रवास करून परततो. व्यावसायिक क्लबच्या खेळाडूला पुढचा हंगाम असतो. विद्यार्थ्याला पदवीची तीनच वर्षं, त्यात पहिल्या वर्षी निवड होत नाही, दुसऱ्या वर्षी बारा जणांत बसतो, तिसऱ्या वर्षी खेळतो. म्हणजे कित्येकांची आंतरविद्यापीठ कारकीर्द एका सामन्याची! तो सामनाही अशा संघाशी, ज्याचं गाव त्याने नकाशावर शोधलेलं नसतं, आणि बघायला त्याच्या ओळखीचं कुणी नसतं.

तरीही विभाग मोडा असं मी म्हणणार नाही. रणजी करंडकात विभाग मोडून झालेले आहेत, आणि त्याचा अनुभव आपल्यासमोर आहे. 2001-02 पर्यंत रणजीचे साखळी सामने विभागवार होत. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. त्यामुळे मुंबई आणि महाराष्ट्र यांची मॅच दरवर्षी ठरलेली. पुण्या-मुंबईच्या लोकांना त्यात जी खुमखुमी असायची ती काही औरच. पण त्याची किंमतही होती. महाराष्ट्राला दरवर्षी मुंबईच्या तोंडी द्यायचं आणि दुसऱ्या एखाद्या विभागातल्या दुबळ्या संघाने आरामात बाद फेरीत जायचं, हा कुठला न्याय? आपल्या गोव्याचंही तेच. दक्षिण विभागात कर्नाटक, हैदराबाद, तमिळनाडू या तिघांच्या मध्ये आपण म्हणजे जात्यातले दाणे. 2002-03 पासून विभाग गेले, एलिट आणि प्लेट असे गट आले, आणि आता एलिटमध्ये आठ-आठ संघांचे चार गट असतात. क्रिकेटच्या दृष्टीने हे बरोबरच झालं, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मुंबई-महाराष्ट्र मॅच मात्र गटांच्या मर्जीवर गेली. 2022-23 साली ते एका गटात आले, आणि जानेवारी 2023 मध्ये ब्रेबर्नवर अशी मॅच झाली की विचारू नका. महाराष्ट्राच्या पहिल्या डावात 384, मुंबईच्याही पहिल्या डावात 384! सामना अनिर्णित, आघाडी कुणालाच नाही, आणि दोघेही उपांत्यपूर्व फेरीच्या बाहेर. पुढच्या हंगामात दोघे वेगळ्या गटांत. म्हणजे ज्या मॅचबद्दल लोक वर्षभर बोलणार, ती पुढच्या वर्षी नाहीच.

तसंच 2025-26 च्या हंगामात गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक तिघेही रणजीच्या एकाच गटात आले. आपण नुकतेच प्लेटमधून वर चढलो होतो. सीमेला लागून असलेली तीन राज्यं एका गटात, किती छान योग! पण योगच तो. त्यामागे कुणाचा विचार नव्हता आणि तो टिकवण्याची कुठे तरतूदही नाही.

आता जरा सातासमुद्रापार जाऊ, कारण या प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त डोकं कुणी खाजवलं असेल तर अमेरिकेतल्या विद्यापीठांनी. त्यांचा तो फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तो हाताने खेळायचा, शिरस्त्राण घालून धडका द्यायचा खेळ. तिथे विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गट कुणी बांधायचे हे सरकार ठरवत नाही, विद्यापीठंच आपापसांत ठरवतात आणि टीव्हीचे पैसे जिकडे जास्त तिकडे गट सोडून जातात. सोडून गेलं की जुन्या शेजाऱ्याची मॅच तुटते. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठं, एकोणिसाव्या शतकापासूनची खुन्नस, पण एकाने गट बदलला आणि 2011 नंतर मॅच बंद. दुसरंही त्याच गटात आलं तेव्हा 2024 साली ती पुन्हा सुरू झाली.

मला त्याहून जास्त भावली ती कॅन्सस आणि मिसुरीची गोष्ट, कारण ती सीमाभागाची आहे. ही दोन शेजारची राज्यं. 1850 च्या दशकात कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी यावरून सीमेवर रक्तपात झाला. पुढे यादवी युद्धात, 1863 साली, मिसुरीच्या बाजूने आलेल्या टोळीने कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव जाळलं, दीडशेच्या आसपास माणसं मारली. कॅन्सस विद्यापीठ त्याच लॉरेन्स गावात आहे. आणि या दोन विद्यापीठांनी 1891 साली, म्हणजे ते गाव जळाल्याला तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, एकमेकांशी खेळायला सुरुवात केली. ज्यांच्या घरातली माणसं मेली होती त्यांची मुलं-नातवंडं मैदानात. मॅचला लोक ‘सीमायुद्ध’च म्हणत. पुढे विद्यापीठांना ते नाव बरं वाटेना म्हणून 2004 मध्ये सौम्य नाव दिलं, पण लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं. इतकं सगळं पचवून चाललेली ही मॅच शेवटी बंद कशाने पडली? रक्ताने नाही, वेळापत्रकाने! 2011 नंतर मिसुरी दुसऱ्या गटात गेलं, कॅन्सस रुसलं, आणि पुढे चौदा वर्षं मैदान रिकामं. 6 सप्टेंबर 2025 रोजी ती पुन्हा झाली, गटाबाहेरचा सामना म्हणून. मिसुरी 42, कॅन्सस 31.

एका मोठ्या गटाने, एस.ई.सी. नाव त्याचं, मधला मार्ग काढलाय. सोळा संघ. 2026 पासून प्रत्येकाचे गटातले नऊ सामने, त्यांतले तीन प्रतिस्पर्धी कायमचे आणि बाकी सहा फिरते. तीन जुने शेजारी दरवर्षी भेटणार आणि उरलेले बारा दोन वर्षांत एकदा. गणित सुबक आहे. पण तिथेही ओरड आहेच, की अमक्याचे तीन शेजारी तगडे आणि तमक्याचे तीन लेचेपेचे, मग गुणतक्त्यात दोघांना एकाच मापाने कसं मोजता? ओरड खोटी नाही. शेजारी निवडता येत नाही. ज्याच्या कुंपणाला पैलवान लागून आहे त्याला दरवर्षी पैलवानाशीच झोंबावं लागतं.

यावर मला पटलेलं उत्तर त्यांच्या सैन्याच्या दोन अकादमींचं आहे. आर्मी आणि नेव्ही 1890 पासून एकमेकांशी खेळतात. 2024 पासून दोघे एकाच गटात आहेत, तरीही त्यांची आपसातली मॅच गटाच्या गुणांत धरत नाहीत. ती वेगळी, डिसेंबरात, गटाचा अंतिम सामना उरकल्यावर. गुण नाहीत म्हणून कुणी घरी बसतं का? अख्खा देश टीव्हीपुढे असतो.

मला निपाणीसाठी हेच हवं आहे. विभाग आहेत तिथे राहू देत. शिवाजी विद्यापीठाने पश्चिमेत खेळावं, राणी चन्नम्माने दक्षिणेत, ए.आय.यू.च्या एकाही नियमाला हात लावू नये. पण दोन विद्यापीठांनी मिळून दरवर्षी एक ठरलेली मॅच ठेवावी, पुरुषांची आणि महिलांची, एक वर्ष कोल्हापूरला आणि एक वर्ष बेळगावला. आणि त्याच आठवड्यात देवचंद आणि बागेवाडी यांची. गुण नाहीत, पात्रता नाही, त्यामुळे कुणाच्या करंडकाच्या वाटेत खड्डा पडत नाही. पहिला न्याय जसाच्या तसा राहतो आणि दुसरा पदरात पडतो.

‘मैत्रीपूर्ण सामने तर कधीही ठेवता येतात’ असं कुणी म्हणेल. येतात, पण राहत नाहीत. एखादे उत्साही क्रीडासंचालक असतात तोवर चालतं, ते निवृत्त झाले की संपतं. मैत्रीपूर्ण सामना कुणाच्या तरी हौसेवर असतो, वार्षिक सामना वेळापत्रकावर. जूनमध्ये जे वेळापत्रक छापतात त्यात तारीख असली पाहिजे. मुलाने प्रवेश घेताना त्याला माहीत असावं, की निवड झाली तर यंदा शेजाऱ्याशी एक सामना नक्की आहे. वर मी एका सामन्याच्या कारकिर्दीबद्दल म्हटलं. हा दुसरा सामना त्याच्या हक्काचा होईल, आणि बघायला त्याची आई येऊ शकेल.

खरा आक्षेप दुसराच आहे, तो सगळे दबक्या आवाजात घेतात. सीमाभागात अशी मॅच म्हणजे आगीशी खेळ. 17 जानेवारी आहे, 1 नोव्हेंबर आहे, महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात टाकलेला दावा आहे. डिसेंबर 2022 मध्ये वातावरण तापलं तेव्हा गाड्यांवर दगड पडले, एस.टी. बंद झाल्या. हे कुणी नाकारत नाही. मीही मराठीत लिहिणारा माणूस आहे, बेळगावचं नाव काढल्यावर माझ्याही पोटात काही हलत नाही असं नाही. पण एस.टी. बंद झाल्या म्हणून कुणी कायमचा एस.टी. मार्ग रद्द केला नाही. चार दिवसांनी त्या सुरू झाल्या, कारण दोन्हीकडच्यांची कामं अडत होती. कोगनोळीच्या नाक्यावर 2021 साली आरटी-पीसीआरचा कागद दाखवून लोक ये-जा करतच होते. त्या पट्ट्यातली माणसं सीमा रोज ओलांडतात, बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला. तंबाखू सीमेकडे बघून वाढत नाही. फक्त कॉलेजचा संघच तेवढा ओलांडत नाही.

आणि त्या भागात चुरशीची सवय नाही असं तर मुळीच नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ भिडतात तेव्हा पेठांच्या पेठा लोटतात. बंदोबस्त लागतो, हमरीतुमरी होते, कधी सामना थांबतो, पण लीग सुरूच असते. कुस्तीचं तर विचारूच नका. सीमाभागातल्या जत्रेतल्या फडात जोड लावणारे पंच वजन बघतात, नाव बघतात, गेल्या कुस्तीत कोण कसा लढला ते बघतात. पैलवान कुठल्या राज्यातला हे सांगतात ते लोकांनी टाळ्या जास्त वाजवाव्यात म्हणून! कोल्हापूरचा आणि बेळगावचा असा जोड लागला की इनामाची रक्कम वाढते. फडातल्या पंचांना जे केव्हाच उमगलंय, ते विद्यापीठाच्या क्रीडा मंडळांना उमगायला हरकत नसावी.

बेळगावात मॅच झाली तर धावफलक कुठल्या भाषेत, हा प्रश्न निघेलच. निघू दे. फलकावर बहुतेक आकडेच असतात.

करंडकाला नाव कुणाचं द्यायचं यावरून मात्र मॅचपेक्षा मोठी मॅच होईल, याची मला खात्री आहे. म्हणून माझी सूचना आहे की करंडकच नको. अमेरिकेत आयोवा आणि मिनेसोटा यांच्यात 1934 च्या सामन्यात आयोवाच्या एका कृष्णवर्णीय खेळाडूला फार दांडगाईने वागवलं गेलं. पुढच्या वर्षी मॅचच्या आधी वातावरण इतकं तापलं की मिनेसोटाच्या गव्हर्नरने आयोवाच्या गव्हर्नरला तार करून पैज लावली: हरेल त्याने जिंकणाऱ्याला एक डुक्कर द्यायचं. लोक हसले, ताप उतरला. आयोवा हरलं, डुक्कर खरोखर पोचतं झालं, मग त्याचा ब्राँझचा पुतळा केला, आणि आजही ते डुक्कर दरवर्षी जिंकणाऱ्याकडे जातं. आपल्याकडे डुक्कर चालणार नाही. पण कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यात कोल्हापूरही आहे आणि बेळगावही. दोन राज्यांनी मिळून सही केलेली वस्तू आणखी कुठे शोधायची? हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला चपलेचा एक जोड द्यावा. (हातात द्यावा, एवढी अट घालून ठेवावी.) वर बेळगावचा कुंदा दोन्ही संघांना.

आता आपला सहभाग. एखाद्या वर्षी वातावरण खरंच बिघडलेलं असेल तर मॅच रद्द करायची नाही, गोव्यात हलवायची. गोवा विद्यापीठाने तेवढं यजमानपद घ्यावं. बांबोळीला मैदान आहे, म्हापशाला पेडे आणि धुळेर आहेत, मडगावला फातोर्डा आहे. दोन्ही संघांना इथे कुणी परकं म्हणणार नाही, आणि प्रेक्षकांत दोन्हीकडचे पाहुणे-रावळे निघतील. फक्त पावसाळ्यानंतरचं ठेवा. चोर्ला घाटाची जुलै-ऑगस्टात खात्री देता येत नाही.